रोझलिन कार्टरवर दहा मिनिटं बोलायचंय, काय सांगू?

हळदुली, सांगली

नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदा. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमची विश्रामबागेत चौदा बायकांची भिशी आहे. महिन्यातून एकदा जमायचं, नंबर काढायचा, चहा-भडंग, थोड्या कागाळ्या आणि आपापल्या घरी. आमच्यात एक निवृत्त बाई आहेत, हायस्कूलला इतिहास शिकवायच्या. त्यांनी यंदा खूळ काढलं की नुसतं खाऊन उठायचं नाही, मार्चपासून दर भिशीला दोघींनी एकेका पुढाऱ्याच्या बायकोवर दहा-दहा मिनिटं बोलायचं. चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या जावेला कस्तुरबा. शेजारणीला वेणूताई चव्हाण, ती मूळची फलटणचीच, म्हणजे तिचं काम झालं. मला निघाली रोझलिन कार्टर. मी विचारलं, बाई, ही कोण? तर म्हणाल्या, शोध की.

माझी थोडी माहिती देते, म्हणजे वेळ किती आहे ते कळेल. घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळा उघडायच्या आधी गणवेश. नवरा कुपवाड एमआयडीसीत, पाळ्या. सासूबाई ८१ वर्षांच्या, तीन वर्षांपासून विसरतात. आधी चष्मा विसरल्या, मग गॅस, मग आम्हाला. मला आता 'मास्तरीणबाई' म्हणतात, तेही अगदी आदरानं, त्यामुळं भांडायचीही सोय राहिली नाही. रोज रात्री दोनच्या सुमाराला उठतात, जुन्या नऊवारीत गाठोडं बांधतात आणि दारात जाऊन बसतात. तासगावला जायचंय, गाडी चुकेल म्हणतात. तासगाव त्यांचं माहेर. तिथं आता त्यांचं कुणी उरलेलं नाही.

तर फोनवर शोधलं. सगळीकडे एकच: अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी, ७७ वर्षांचा संसार, साध्या होत्या, प्रेमळ होत्या. हे तर कुणाच्याही दशक्रियेच्या फलकावर असतं. ह्या बाईनं स्वतः काय केलं ते सांगा ना. फीत कापण्यापलीकडे. आणि 'यशस्वी पुरुषामागे' वगैरे कृपया कुणी लिहू नका, ते वाक्य माझ्या जावेनं कस्तुरबांसाठी आधीच घेतलंय.


जुना ग्रंथपाल, सातारा

हळदुलीताई, तुमच्या बाईंनी ती चिठ्ठी मुद्दाम तुमच्या हाती दिली की काय, अशी शंका येते. पुढं वाचा, कळेल.

कार्टर म्हणजे शेंगावाले. भुईमूग पिकवायचा, गोदामात भरायचा, बियाणं विकायचं. जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स हे खेडं, वस्ती सहाशेच्या आसपास. आपल्याकडं एवढी माणसं एका लग्नाला असतात. रोझलिन तिथलीच, जन्म १८ ऑगस्ट १९२७. जिमीची आई नर्स होती. शेजारी बाळ झालं म्हणून तिनं आपल्या तीन वर्षांच्याही आतल्या पोराला ते दाखवायला नेलं होतं. म्हणजे नवऱ्यानं मुलगी बघितली ती ती एका दिवसाची असताना!

वडील मोटारी दुरुस्त करायचे. ती १३ वर्षांची असताना रक्ताच्या कर्करोगानं गेले. चार भावंडांत ही थोरली. आईनं घर कशावर चालवलं असेल? शिवणकामावर. पुढं पोस्टात नोकरीही केली. पोरगी आईला शिवणात हात लावायची आणि धाकट्यांना सांभाळायची.

१९४६ ला लग्न झालं. नवरा नौदलात, आज हे बंदर उद्या ते बंदर, आणि तिला ते मोकळं आयुष्य फार आवडलं होतं. १९५३ मध्ये सासरे वारले आणि जिमीनं तिचा विचार न घेता परत गावी जायचं ठरवलं. परतीच्या सबंध प्रवासात बाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. काही सांगायचं झालंच तर थोरल्या मुलाच्या तोंडून. हा प्रसंग भिशीत नक्की सांगा, हशा मिळेल. पण गावी गेल्यावर तिनं गोदामाच्या वह्या हातात घेतल्या, आणि कुठं फायदा, कुठं बूड हे थोड्याच दिवसांत नवऱ्यापेक्षा तिला जास्त कळायला लागलं.

आता मुख्य गोष्ट. जिमी गव्हर्नरपदाला उभे होते तेव्हा ती एकटी प्रचार करत हिंडायची. एके दिवशी पहाटे साडेचारला अटलांटात एका सूतगिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटत उभी होती. रात्रपाळी सुटली. एक बाई बाहेर आली, केसांत कापसाची पिंजण. रोझलिननं सहज विचारलं, आता घरी जाऊन झोपणार ना? ती म्हणाली, झोप कसली, पोरगी मनानं आजारी आहे. नवऱ्याच्या पगारात तिचा खर्च निघत नाही. म्हणून रात्री तो पोरीपाशी आणि मी गिरणीत, आणि दिवसा तो कामावर आणि मी तिच्यापाशी.

ती बाई दिवसभर तिच्या डोक्यातून जाईना. त्याच संध्याकाळी जवळपास नवऱ्याची सभा होती. नंतर लोक हात मिळवायला रांगेत उभे होते. ही गुपचूप त्या रांगेत शिरली. नवरा माणसांकडं न बघताच हात हलवत होता. हिचा हात हातात आल्यावर त्यानं वर बघितलं. हिनं विचारलं, गव्हर्नर झालास तर मनानं आजारी माणसांसाठी काय करणार?

ती निवडणूक ते हरले असोत की पुढची जिंकले असोत, बाईचा प्रश्न तिथून पुढं पन्नास वर्षं बदलला नाही. बाकी सविस्तर संध्याकाळी लिहितो, आत्ता औषधाची वेळ झाली.


हळदुली, सांगली

काका, मशीन थांबवून वाचलं. परत एकदा वाचलं.

आमच्याकडं असंच आहे. ह्यांची तिसरी पाळी असते त्या आठवड्यात रात्री मी दारापाशी, सकाळी आठला ते आल्यावर ते त्यांच्यापाशी आणि मी मशीनवर. एका घरात राहून आम्ही दोघं जेवायला एकत्र कधी बसलो ते आठवावं लागेल. मला वाटायचं हे आमच्याच नशिबी. कापसाची पिंजण केसांत म्हणजे काय ते मला सांगायला नको, माझ्या अंगाला कायम दोरे असतात.

पण काका, विचारलं ते ठीक. प्रश्न तर आमदारीणबाई हळदीकुंकवाला येतात तेव्हा त्याही विचारतात. पुढं काय?


बेदाणासेठ, तासगाव

तासगावचं नाव दिसलं म्हणून आत आलो.

कौतुक चालू द्या, पण दुसरी बाजूही सांगा की भिशीत. ही बाई नवऱ्याच्या कॅबिनेटच्या बैठकांना जाऊन बसायची. कुणी निवडून दिलं होतं? आपल्याकडं सरपंच बाई आणि खुर्चीवर नवरा असला की 'सरपंचपती' म्हणून आपण बोंबलतो, आणि तिकडं अध्यक्षपत्नी बसली की टाळ्या! न्याय एकच पाहिजे.

दुसरं म्हणजे मानसिक आरोग्याचा जो कायदा तिनं करवून घेतला, तो पुढच्याच वर्षी गुंडाळला गेला. मग कमाई काय? आमच्याकडं माल वर्षभर शीतगृहात ठेवून शेवटी आहे त्याच भावाला विकला तर त्याला धंदा म्हणत नाहीत.


जुना ग्रंथपाल, सातारा

सेठ, मुद्दा बिनबुडाचा नाही. त्या काळी तिकडच्या वर्तमानपत्रांनीही हेच विचारलं होतं. १९७७ च्या उन्हाळ्यात ती नवऱ्याच्या वतीनं लॅटिन अमेरिकेतल्या सात देशांत गेली, चहापानाला नव्हे, राष्ट्रप्रमुखांशी धोरणावर बोलायला. तेव्हा तर फारच ओरड झाली. कॅबिनेटमध्ये ती बसायची हे खरं. बोलायची नाही, टिपणं घ्यायची. बाहेर लोक मला प्रश्न विचारतात, त्यांना बरोबर उत्तर देता यावं म्हणून बसते, हे तिचं म्हणणं. पटवून घ्यायचं की नाही ते तुमच्यावर. मला अर्धंच पटतं. सरपंचपतीही म्हणतो की मी नुसता बसलोय.

पण एक फरक बघा. नवऱ्यानं फेब्रुवारी १९७७ मध्ये, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर महिन्याभरात, मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय आयोग नेमला. तिला अध्यक्ष करायचं होतं, पण नातलगाला सरकारी पदावर नेमायला तिकडं कायद्यानं बंदी. मग ती 'मानद अध्यक्ष' झाली, म्हणजे पगार नाही, मत नाही. आयोगानं देशभर सुनावण्या घेतल्या. रुग्ण, घरचे, नर्सा, डॉक्टर, सगळ्यांचं ऐकलं. १९७८ च्या एप्रिलमध्ये अहवाल आला, त्यात ११७ शिफारशी. आणि १९७९ च्या फेब्रुवारीत ही सिनेटच्या समितीपुढं साक्षीला बसली. अध्यक्षपत्नीनं असं साक्ष देणं तिच्या आधी फक्त एलिनॉर रूझवेल्टच्या वेळी घडलं होतं. समितीच्या खुर्चीत एडवर्ड केनेडी, जे पुढं पक्षातूनच तिच्या नवऱ्याविरुद्ध उभे राहिले! सरपंचपतीला असं चारचौघांत उलटतपासणीला बसवता येतं का ते सांगा.

हळदुलीताई, 'पुढं काय' ते इथं आहे. ज्या जॉर्जियाची ती होती, तिथल्या मिलेजव्हिलच्या सरकारी मनोरुग्णालयात साठच्या दशकात बारा हजारांवर माणसं कोंबलेली होती. रुग्णालय नव्हे, गावच. नवरा गव्हर्नर झाल्यावर ती अटलांटातल्या सरकारी मनोरुग्णालयात दर आठवड्याला एक दिवस स्वयंसेवक म्हणून काम करायची. माणसाला दूर नेऊन कोंडण्यापेक्षा त्याच्या गावाजवळ उपचार केंद्र असावं, हा तिचा हट्ट तिथून आला, आणि ऑक्टोबर १९८० च्या कायद्याचा गाभाही तोच होता. महिन्याभरात नवरा निवडणूक हरला. १९८१ मध्ये रेगन सरकारनं त्या कायद्याचा बहुतेक भाग रद्द केला, पैसा राज्यांकडं वळवला. सेठ म्हणतात ते बरोबर आहे, माल गेला.

मग ती काय करत बसली? नवऱ्यानं १९८२ मध्ये कार्टर सेंटर काढलं, तिथं हिनं हाच विषय लावून धरला. १९८५ पासून दरवर्षी परिषद. १९९६ पासून पत्रकारांना मानसिक आजारांवर नीट लिहिता यावं म्हणून पाठ्यवृत्त्या, कारण वर्तमानपत्रात मनोरुग्ण येतो तो खुनाच्या बातमीतच. आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं, यासाठी तगादा. तो कायदा २००८ मध्ये झाला. तेव्हा ती ८१ वर्षांची होती. मोजा: १९८१ ते २००८.

जाता जाता तुमच्या धंद्यातली एक गोष्ट. १९७७ च्या जानेवारीत शपथविधीच्या रात्रीच्या मेजवान्यांना तिनं निळा गाऊन घातला. तोच तिनं १९७१ ला नवरा गव्हर्नर झाला तेव्हाही घातला होता. अध्यक्षांची बायको आणि जुना कपडा, म्हणून केवढी चर्चा झाली!


हळदुली, सांगली

सहा वर्षांनी तोच कपडा बसला म्हणजे एक तर बाईनं वजन राखलं, नाही तर शिवणाऱ्यानं शिलाईत माया ठेवली होती. मी ठेवते. बाळंतपणानंतर उसवून देते, गिऱ्हाईक जन्मभर टिकतं. गाऊनची गोष्ट घेतली!

सेठ, तुमचं सरपंचपतीचंही घेणार. आमच्या भिशीत एक माजी ग्रामपंचायत सदस्य आहे, तिला विचारते आधी.


कोयनाकाठ, कराड

वेणूताईंचं 'शेजारणीचं काम झालं' एवढ्यावर आटोपू नका हो. आमच्या कराडात त्यांच्या नावाचं स्मारक आहे, आणि आत काय आहे माहीत आहे? यशवंतरावांचं खासगी ग्रंथालय. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं साहेबांची आणि दारावर नाव पत्नीचं. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. दुसऱ्या दिवशी लग्नाला ४१ वर्षं झाली असती. साहेब त्यानंतर दीड वर्षसुद्धा राहिले नाहीत, २५ नोव्हेंबर १९८४ ला तेही गेले.

लग्न १९४२ च्या जूनमध्ये झालं आणि ऑगस्टमध्ये चळवळ पेटली. साहेब भूमिगत. काही महिन्यांतच पोलिसांनी वेणूताईंना उचललं, हळद उतरली नव्हती म्हणा ना. हे अमेरिकेतल्या कुठल्या बाईनं भोगलंय?


हळदुली, सांगली

दादा, वेणूताईंना कमी लेखायचं माझ्या मनात नाही. उलट तुम्ही सांगितलेलं ग्रंथालय मी शेजारणीला देते, तिला ते माहीत नव्हतं.

पण परवा बाईंकडं ब्लाउज द्यायला गेले होते तेव्हा आमचं हेच बोलणं झालं. त्या म्हणाल्या, आपल्या सगळ्या गोष्टींत बायकोनं सोसलं, दिलं, सोडलं, गेली. चौदा चिठ्ठ्यांतल्या बारा बायकांची माहिती शोधली तर हीच चार क्रियापदं सापडतील. म्हणून एखादी अशी टाकली की जिच्यापुढं 'लिहिलं, मोजलं, विचारलं, भांडली' असं येईल. म्हणजे चिठ्ठी मुद्दामच होती, काका. माझ्या हातात यावी म्हणून घडी वेगळी घातली होती म्हणे! इतिहासाच्या बाई आणि इतकी लबाडी.


जुना ग्रंथपाल, सातारा

बाईंना माझा नमस्कार सांगा. साताऱ्याचा असल्यानं एक पुरवणी जोडतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई. बोर्डिंगच्या पोरांसाठी त्यांनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे इथल्या शाळेतलं पोरगंही सांगतं. पण निरनिराळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवून रोज दोन वेळा खाऊ घालणं हे १९२४ च्या सुमाराला केवढं काम होतं! पीठ किती, सरपण कुठून, कुणाच्या घरचे येऊन काय बोलून गेले, आजारी पोरापाशी रात्री कोण बसलं. १९३० ला त्या गेल्या. मंगळसूत्र आठवतं, स्वयंपाकघर कुणी लिहून ठेवलं नाही. तुमच्या बाईंचं म्हणणं मला तरी लागू पडतंय, कारण मीही चाळीस वर्षं मंगळसूत्राचंच सांगत आलो.


रात्रपाळी, मिरज

मी नर्स आहे, मनोविकार विभागात बरीच वर्षं. धागा दोन दिवस बघतेय, लिहायला आत्ता सवड मिळाली.

ताई, तुमच्या उपयोगाचं रोझलिनबाईंचं खरं काम अजून कुणी सांगितलंच नाही. १९८७ मध्ये त्यांनी ज्या कॉलेजात शिकल्या तिथं एक संस्था काढली, रुग्णांसाठी नव्हे, रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी. म्हणजे तुमच्यासाठी. त्या म्हणायच्या की जगात माणसं चारच प्रकारची: ज्यांनी कुणाला सांभाळलंय, जे आत्ता सांभाळतायत, जे पुढं सांभाळणार आहेत, आणि ज्यांना कुणीतरी सांभाळावं लागणार आहे. हे एका सहकाऱ्याचं म्हणणं आहे असं त्या स्वतःच सांगायच्या. मला ती गोष्ट त्या वाक्याहून जास्त आवडते.

आमच्याकडं ओपीडीला माणसं येतात ती तोंड लपवून. चारचाकी लांब लावतात, केसपेपरवर आडनाव वेगळं सांगतात, गावात सांगायचं असतं दातांच्या डॉक्टरकडं गेलो होतो. राज्याची सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. सांगली-साताऱ्याचा माणूस घाट उतरून रत्नागिरीला नाही तर पुण्याला. त्यामुळं 'गावाजवळ उपचार' हा त्या बाईचा हट्ट मला पुस्तकी वाटत नाही. आपल्याकडं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला तो ह्याच विचारानं. आणि आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विम्याचं तेच कलम आहे जे तिकडं २००८ ला आलं, मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यायचं. ते कलम दाखवून भांडावं लागतं, पण आहे.

आणखी एक, भिशीत सांगा किंवा नका सांगू. २०२३ च्या मे महिन्यात घरच्यांनी जाहीर केलं की रोझलिन यांना स्मृतिभ्रंश झालाय. लपवलं नाही. जाहीर करायचं कारणही तेच, की लोकांनी घरोघरी यावर बोलावं. नोव्हेंबरच्या १९ तारखेला त्या त्याच प्लेन्समधल्या घरी गेल्या, ९६ वर्षांच्या होत्या. नवरा तेव्हा स्वतः अंथरुणाला खिळलेला. चौथ्या प्रकारात त्याही आल्याच की.

आता तुमचं. गाठोडं सोडवून घेऊ नका. आणि 'तासगावला कुणी नाही' हे रात्री दोनला सांगू नका, त्यांच्यासाठी ते माणूस दर वेळी नव्यानं मरतं. गाडी सकाळी आहे म्हणा, तोवर चहा घेऊ म्हणा. दाराला वर, डोक्याच्या उंचीच्या वर कडी लावा. एका कापडावर तुमचा नंबर शिवून त्यांच्या पोलक्याच्या आत लावा, शिवायला तुम्हाला काय अवघड. मनाचं काही बोलायचं असेल तर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात. तो नंबर सांभाळणाऱ्यांसाठीही आहे, हे कुणी सांगत नाही. ज्येष्ठांसाठीचा वेगळा, १४५६७.

तुम्ही स्वतः शेवटचं सलग कधी झोपलात?


बेदाणासेठ, तासगाव

मी वाद घालायला आलो होतो, राहू द्या.

आजींचं माहेर कुठल्या गल्लीतलं? विचारून बघा, जुनी नावं आठवत असतील तर. जमलं तर एकदा गणपतीला घेऊन या. देवळाचं गोपूर अजून तेच आहे, सात मजली, लांबूनच दिसतं. ते ओळखतील. गाडीची अडचण असेल तर सांगा.


शेंगापोळी, फलटण

अवांतर: जिमी कार्टरची आई लिलियन साठीनंतर पीस कोअरमधून, म्हणजे अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून, भारतात आली होती आणि दोन वर्षं आपल्या विक्रोळीत दवाखान्यात नर्स म्हणून राबली, १९६६ ते ६८. म्हणजे रोझलिनची सासू मराठी मुलखात राहून गेलीय! आणि २००६ मध्ये लोणावळ्याजवळ घरं बांधायला कार्टर नवराबायको स्वतः आले होते, हातात थापी घेऊन. भिशीत सासूचा विषय काढलात की दहा मिनिटांची वीस होतील.


हळदुली, सांगली

झाली भिशी. उशिरा लिहितेय, लग्नसराई आहे.

दहाची बावीस मिनिटं झाली. लिहून नेलं होतं ते पाच मिनिटांत संपलं, उरलेलं असंच. सासूचा विषय चालला, गाऊनचा चालला, रुसून मोटारीत बसली त्यावर तर बायका टाळ्या देऊन हसल्या. सेठ, तुमच्या मुद्द्यावर आमची माजी सदस्य म्हणाली, "बसू दे की, टिपणं तरी घेत होती. आमच्या घरचा बैठकीत बसून मोबाईल बघायचा."

गिरणीचं सांगताना मला बोलता येईना. पिंजणीपर्यंत आले आणि घसा आवळला. मग बाईंनीच पुढं सांगितलं. त्यांना पाठ होतं.

नंतर भांडी गोळा करताना एक जण थांबली. तिचं नाव-गाव काही लिहीत नाही. पंधरा वर्षं एका गल्लीत राहतो आम्ही. तिचा भाऊ नोकरीला दुबईला आहे असं सगळ्यांना माहीत होतं. दुबईला नाही. घरातच आहे, मागच्या खोलीत. एवढं बोलून ती कपबश्या विसळायला लागली. मी पण विसळल्या.

नर्सताई, वरची कडी लावली. गाठोडं सोडवत नाही आता. काल पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसून त्यांनाच विचारलं, काय काय घेतलंय? उघडून दाखवलं: एक ताटली, माझ्या मशीनचा जुना बॉबिन, ह्यांचा शाळेतला फोटो आणि मी हरवला म्हणून महिनाभर शोधत होते तो कात्रीचा डबा. म्हणाल्या, मास्तरीणबाई, हे आईला द्यायचंय. चहा घेतला दोघींनी. गाडी सकाळची आहे म्हटलं, बरं म्हणाल्या.

सेठ, गल्लीचं नाव त्यांना सांगता येत नाही, पण 'रथ ओढायचा त्या रस्त्याला' म्हणतात. ह्यांची पाळी बदलली की येऊ.

आणि भिशीनं एक ठरवलंय. दर गुरुवारी दुपारी दोन ते चार एकेकीनं आमच्याकडं येऊन सासूबाईंपाशी बसायचं, मग पुढच्या महिन्यापासून त्या मागच्या खोलीतल्या घरी. ह्या गुरुवारी बाईच येणार आहेत, खऱ्या मास्तरीणबाई. दोन तास मी काय करू ते सुचत नाहीये. सात ब्लाउज पडलेत. बहुतेक झोपेन.